लकबीआधीचा नट : रजनीकांतच्या अभिनयाविषयी

रजनीकांतचा विषय निघाला की मराठी घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'अरे, तो आपला गायकवाड, मूळचा जेजुरीकडचा.' दुसरे म्हणजे त्याच्यावरचा एखादा विनोद. तो कांदा कापतो तेव्हा कांदाच रडतो, या जातीचा. दोन्ही वाक्ये बोलणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि त्याने रजनीकांतचा एकही तमिळ चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. आडनावाचा अभिमान आणि कामाची टिंगल एकाच दमात करता येते, हे आपले वैशिष्ट्य म्हणायचे.

या लेखात मला एक साधा प्रश्न तपासायचा आहे. लोकप्रियता, चाहत्यांचे दुग्धाभिषेक, पहाटेचे खेळ, राजकारणात येणार की नाही याची वर्षानुवर्षे चाललेली चर्चा, हे सगळे बाजूला ठेवले तर नट म्हणून या माणसाची दखल घ्यावी असे काही उरते का? माझे उत्तर 'हो' असे आहे. पण ते चाहत्यांचे 'हो' नव्हे. त्याच्या ज्या लकबींवर चाहते भाळतात आणि टीकाकार हसतात, त्या लकबी मुळात अभिनय म्हणून जन्माला आल्या होत्या, असे माझे म्हणणे आहे. पुढे त्यांचे काय झाले, ती वेगळी आणि काहीशी खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. सायन-कोळीवाड्यात वाढलो, शेजारच्या खोल्यांमधून तमिळ कानावर पडत राहिली, पुढे हौसेने अक्षरे गिरवली. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजमधले तमिळ खेळ हे माझे पहिले वर्ग. गेल्या काही वर्षांत त्याचे १९७५ ते १९८१ या काळातले मिळतील तेवढे चित्रपट मी पुन्हा पाहिले, आणि पाहण्याची एक पद्धत ठरवून घेतली. महत्त्वाची दृश्ये एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहायची, मग आवाजासह. आवाज बंद केला की शिट्ट्या, पार्श्वसंगीत आणि संवादांची टाळीबाज फेक निघून जाते. उरते ते शरीर.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म १२ डिसेंबर १९५०चा, बंगळूरचा. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड. वडील पोलीस खात्यात. स्वतः शहर बससेवेत कंडक्टर होते, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते दाखल झाले आणि तिथे दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या नजरेस पडले. नाव बदलावे लागले, कारण तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होता. त्या थोरल्या शिवाजीचे नाव जन्माने आलेले नव्हते. व्ही. सी. गणेशन या तरुणाने अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, आणि ती पाहून पेरियारांनी त्याला 'शिवाजी' म्हटले. तेव्हापासून तो शिवाजी गणेशन. म्हणजे एका तमिळ नटाला भूमिकेमुळे शिवाजी हे नाव मिळाले, आणि त्याच नावामुळे एका मराठी घरातल्या शिवाजीला स्वतःचे नाव सोडावे लागले. बालचंदरांनी आपल्याच 'मेजर चंद्रकांत' या जुन्या चित्रपटातल्या एका पात्राचे नाव त्याला दिले.

हा केवळ गमतीचा योगायोग नाही. शिवाजी गणेशन यांनी १९५२च्या 'पराशक्ती'पासून तमिळ अभिनयाचे माप ठरवून टाकले होते. करुणानिधींचे लांबलचक, यमकांनी भरलेले, सभेतल्या भाषणासारखे संवाद एका श्वासात पेलणे म्हणजे अभिनय. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर वाचिक अभिनय पहिल्या पंक्तीला आणि बाकीचे मागून. मराठीतही याहून फार वेगळे नव्हते. आपला नट ओळखला जातो तो स्वगतावरून. 'नटसम्राट' कोण कसा पेलतो यावरून आपण आजही नटांच्या इयत्ता ठरवतो.

या मापाने रजनीकांत नापासच व्हायचा. तमिळ ही त्याची तिसरी भाषा. उच्चार स्वच्छ नव्हते, वाक्य लांबले की अडखळायला व्हायचे. त्याने, किंवा त्याच्यासाठी त्याच्या दिग्दर्शकांनी, यावर वाट काढली. वाक्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा झपाट्याने फेकायचा आणि दोन तुकड्यांमधल्या रिकाम्या जागेत शरीराला काहीतरी करायला द्यायचे. मान झटकणे, केसांतून बोटे फिरवणे, चष्मा काढणे, सिगारेट. 'स्टाइल' म्हणून जी पुढे विकली गेली तिचे मूळ मला तरी या रिकाम्या जागेत दिसते. भाषेची अडचण झाकण्यासाठी आलेली ही हालचाल होती, आणि तिला अर्थ देणारा दिग्दर्शक त्याला पहिल्याच चित्रपटात भेटला हे त्याचे नशीब.

'अपूर्व रागंगळ' (१९७५) मधला त्याचा प्रवेश सर्वांनी वाखाणलेला आहे. दाढी वाढलेला, चुरगळलेल्या कोटातला एक माणूस बंगल्याचे फाटक ढकलून आत येतो. आज तो शॉट सुपरस्टारचे आगमन म्हणून दाखवला जातो. त्या वेळी तो तसा नव्हताच. पांडियन हे पात्र म्हणजे गायिका भैरवीला टाकून गेलेला, आता रक्ताचा कर्करोग घेऊन परतलेला नवरा. आवाज बंद करून पाहा. फाटक ढकलण्यात ऐट नाही. या घरावर आपला हक्क उरला आहे की नाही याची खात्री नसलेल्या माणसाचे ते ढकलणे आहे. बंगल्याच्या आत तरुण प्रसन्नाच्या, म्हणजे कमल हासनच्या, भूमिकेतली कहाणी रंगात आलेली आहे आणि हा माणूस तिला ग्रहण लावणार आहे. थोडक्याच वेळाची भूमिका. पण पांडियन दुष्ट आहे की दयनीय, हे ठरवायला तो आपल्याला उसंत देत नाही, आणि नवख्या नटाच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी 'मूण्ड्रु मुडिच्चु' (१९७६) आला. त्यातली सिगारेट उडवून ओठांत झेलण्याची करामत तमिळनाडूतल्या पोरांनी गल्लोगल्ली गिरवली. पण ही करामत कोण करतो? प्रसाद नावाचा तरुण. मित्राच्या प्रेयसीवर, श्रीदेवीने केलेल्या सेल्वीवर, त्याची नजर आहे. तिघे नावेत आहेत, गाणे चालू आहे, मित्र पाण्यात पडतो, आणि हा त्याला बुडू देतो. पोहता येत असूनही! सिगारेटशी चाललेला चाळा अशा माणसाचा आहे, ज्याला आपल्याकडे कुणी पाहत नाही ही कल्पनाच सहन होत नाही. बालचंदर इथे थांबत नाहीत. प्रसादची सदसद्विवेकबुद्धी त्याच्याच रूपात त्याच्यासमोर उभी करतात, ती त्याला हसते, टोचते. म्हणजे रजनीकांतला स्वतःसमोरच अभिनय करावा लागतो. एक निगरगट्ट, दुसरा कुत्सित. पंचविशीतल्या, मोजकेच चित्रपट केलेल्या पोराने हे निभावले आहे.

माझ्या मते या काळातली सर्वांत अवघड भूमिका मात्र 'अवर्गळ' (१९७७) मधली. रामनाथन हा संशयी, छळवादी नवरा. सुजाताने केलेली अनु त्याच्यापासून सुटते, नव्याने उभी राहते, जुने प्रेम पुन्हा जुळायची वेळ येते. तेवढ्यात रामनाथन पश्चात्तापदग्ध होऊन परत येतो. पश्चात्ताप खोटा आहे. इथे नटापुढचा पेच पाहा. पडद्यावरच्या अनुला तो खरा वाटला पाहिजे, आपल्यालाही जवळजवळ खरा वाटला पाहिजे, आणि कारस्थान उघडे पडल्यावर मागे वळून पाहताना त्यात खोट सापडलीही पाहिजे. रजनीकांतने ही खोट वेगात ठेवली आहे. एरवी भराभर हलणारा, बोलणारा हा माणूस पश्चात्तापाच्या दृश्यांत एकदम मंद होतो. हात शरीराजवळ, नजर खाली. सुधारलेला माणूस इतका निश्चल नसतो. निश्चल असतो तो दबा धरलेला. दुसऱ्यांदा पाहताना अंगावर काटा येतो.

याच वर्षी भारतीराजांच्या '१६ वयदिनिले' मध्ये त्याने परट्टै हा गावगुंड केला. त्या चित्रपटात सगळ्यांची नजर कमल हासनच्या चप्पाणीवर खिळली, आणि ते योग्यच होते. लंगडणे, पान खाऊन रंगलेले तोंड, लंगोटी. आहार्य आणि आंगिक दोन्ही अंगांनी पूर्ण घडवलेली भूमिका. परट्टैला घडवल्याची एकही खूण दिसत नाही. तो नुसता बसतो. काम नसलेल्या, दिवसभर पारावर टवाळकी करणाऱ्या माणसाचे बसणे. आपल्या समीक्षेला घडवलेला अभिनय दिसतो, कारण त्यातले श्रम मोजता येतात. न घडवलेला दिसत नाही. पुरस्कार समित्यांचेही तेच. कमल हासनला 'मून्ड्राम पिरै', 'नायकन' आणि 'इंडियन'साठी तीनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही. तो फार मोठा नट आहे. पण रजनीकांतच्या वाट्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार एकदाही आला नाही, याचा अर्थ 'तो नट नव्हता' असा लावणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

१९७८ या एका वर्षात त्याचे निरनिराळ्या भाषांत वीसच्या आसपास चित्रपट लागले. त्यातले बरेच विसरण्याजोगे. पण त्याच वर्षातला 'मुळ्ळुम मलरुम' माझ्या संपूर्ण मांडणीच्या मध्यभागी आहे.

दिग्दर्शक महेंद्रन यांचा हा पहिला चित्रपट. छायालेखन बालू महेंद्र यांचे, संगीत इळैयराजांचे, आधार उमाचंद्रन यांच्या कादंबरीचा. डोंगरातल्या वीज प्रकल्पावर विंच चालवणारा काळी आणि त्याची धाकटी बहीण वळ्ळी, दोघेही अनाथ. काळी तापट आहे, अहंकारी आहे, गावातल्या गरिबांचा कैवारी आहे, आणि बहिणीपुढे लोण्यासारखा मऊ. नवा इंजिनियर येतो. तो शिस्तीचा माणूस, वाईट नव्हे. काळीला तो डोळ्यांसमोर नको असतो. तो काळीला निलंबित करतो, काळी पिऊन रस्त्यावर पडतो आणि लॉरी त्याच्या हातावरून जाते.

रजनीकांत हा हातांचा नट. आतापर्यंत ज्या ज्या भूमिका सांगितल्या त्यांत तो हातांनी विचार करतो, हातांनी खोटे बोलतो. महेंद्रनने त्याचा एक हातच काढून घेतला. चित्रपटाच्या उरलेल्या भागात डावी बाही रिकामी लोंबते आहे आणि नट जणू स्वतःचे हत्यार गमावून उभा आहे. अपघातानंतर वळ्ळी त्याला बिलगते त्या प्रसंगात तिला मिठीत घ्यायला दोन हात नाहीत, आणि तो ते तिच्यापासून क्षणभर लपवू पाहतो. संवाद जवळपास नाहीतच. आवाज बंद करून पाहिले तर या चित्रपटाचे फारसे काही कमी होत नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. तमिळ व्यावसायिक चित्रपटाविषयी असे म्हणता येणे त्या काळात दुर्मीळ होते.

आणि शेवट. त्या इंजिनियरशीच वळ्ळीचे लग्न ठरते, काळीचा ठाम नकार. सगळे गाव वरात घेऊन निघते, काळी वाटेत एकटा. वळ्ळी चालता चालता थांबते, वळते, धावत येऊन भावाला बिलगते. त्या क्षणी काळीच्या चेहऱ्यावर जे येते त्याला 'आनंद' म्हणणे अपुरे आहे. त्यात विजय आहे, लहान मुलाची बढाई आहे: पाहा, शेवटी तिने मलाच निवडले. अहंकाराची भूक भागल्यावरच तो उदार होतो आणि बहिणीला स्वतः इंजिनियरच्या हाती देतो. देताना, तुम्ही मला अजूनही आवडत नाही, हेही त्याला ऐकवतो. प्रेमाने अहंकार वितळला असा गोड शेवट महेंद्रनला सहज करता आला असता. इथे अहंकार शाबूत राहतो आणि प्रेमही. हे दोन्ही एका चेहऱ्यावर एका वेळी दाखवणाऱ्या माणसाला नट म्हणायचे नसेल, तर तो शब्द आपण कशासाठी राखून ठेवला आहे, हे मला कळत नाही.

तमिळनाडू सरकारने या भूमिकेसाठी त्याला विशेष पुरस्कार दिला. सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून राज्य पुरस्कार पुढे मिळाले ते 'मुत्तू' आणि 'पडैयप्पा' यांसारख्या चित्रपटांसाठी. यावर भाष्य करायची गरज नसावी.

त्याच वर्षीच्या दिवाळीत सी. रुद्रैया यांचा 'अवळ अप्पडिदान' लागला. त्यात रजनीकांत त्यागू नावाचा जाहिरात कंपनीचा मालक आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पेला आणि बायकांविषयीची सगळी मते तोंडावर. समोर कमल हासनचा अरुण, स्त्रियांच्या प्रश्नावर माहितीपट करणारा सुशिक्षित तरुण. चित्रपट पाहताना हळूहळू जाणवते की श्रीप्रियाने केलेल्या मंजूला समजून घेण्यात सहानुभूतीवाला अरुणही तितकाच तोकडा आहे. त्यागू निदान ढोंग करत नाही. रजनीकांतने त्याला खलनायक केलेला नाही. गमतीदार, सैल, स्वतःवर खूश असलेला माणूस केला आहे, आणि म्हणून तो जास्त धोकादायक वाटतो. असे त्यागू आपण सर्वांनी कचेऱ्यांमध्ये पाहिले आहेत.

'आरिलिरुन्दु अरुबदु वरै' (१९७९) मध्ये तिशीही न गाठलेल्या रजनीकांतने भावंडांसाठी झिजलेला, साठीपर्यंत पोहोचलेला माणूस केला. चाहत्यांचा हा मोठा लाडका चित्रपट. मला त्यात करुणेचा भार जास्त वाटतो. 'जॉनी' (१९८०) मात्र पुन्हा महेंद्रनचा. एक नाभिक, एक भामटा, दोघांचा चेहरा सारखा. आपल्याकडे दुहेरी भूमिका म्हणजे मिशी आणि केशभूषा. इथला फरक मुख्यतः वेगाचा आहे. विद्यासागर हा नाभिक पैसा आणि मन दोन्ही मोजून खर्च करतो, भामटा जॉनी सैल हाताने. श्रीदेवीची गायिका अर्चना जॉनीला लग्नाचे विचारते, तो कचरतो, आणि आपल्याला कमी लेखले जाते आहे असे तिला वाटते. त्या प्रसंगात रजनीकांत जवळजवळ काही करत नाही. तो ऐकतो. समोरच्याचे बोलणे ऐकणे हे पडद्यावरच्या नटाचे निम्मे काम, आणि पुढच्या तीस वर्षांत त्याच्याकडून जे सर्वांत आधी काढून घेतले गेले ते हेच. सुपरस्टार ऐकत नाही. बाकीच्यांनी त्याचे ऐकायचे असते.

एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. हृषिकेश मुखर्जींचा 'गोलमाल' (१९७९) आपण सर्वांनी अमोल पालेकरांसाठी पाहिलेला आहे. बालचंदरांनी १९८१ मध्ये त्याचा 'तिल्लु मुल्लु' केला आणि पालेकरांच्या जागी रजनीकांतला घेतले. ऐकून विचित्र वाटते. पालेकरांची गंमत ही की ते आपल्यातलेच एक वाटतात. सज्जनपणाचे सोंग त्यांना शोभून दिसते. रजनीकांतला तोवर 'बिल्ला' आणि 'मुरट्टु काळै' यांनी मारामारीचा नायक करून टाकले होते. तो नोकरीच्या मुलाखतीत मालकासमोर गरीब गाय होऊन उभा राहतो तेव्हा प्रेक्षकाला माहीत असते की हे हात कोणत्याही क्षणी उसळतील, आणि ते उसळत नाहीत. दाबून धरलेल्या लकबींतूनच हसू निर्माण होते. आपली प्रतिमा कशी आहे, हे नेमके ओळखून तिच्याविरुद्ध खेळायची अक्कल त्याच्याकडे होती, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही. पालेकर की रजनीकांत, असा सामना मात्र लावू नये. दोघे वेगवेगळ्या कारणांनी हसवतात.

मग पुढे काय बिघडले? 'बिघडले' हा शब्द चाहत्यांना रुचणार नाही. पण जे झाले ते फक्त व्यावसायिक चित्रपटांकडे वळणे नव्हते. 'बिल्ला' हा 'डॉन'चा तमिळ अवतार चालला, एव्हीएमसारखी मोठी निर्मितीसंस्था पाठीशी आली, एस. पी. मुत्तुरामन यांच्याबरोबर चित्रपटांची रांग लागली. या प्रवासात लकबी त्याच राहिल्या; त्यांच्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याने बाजू बदलली. बालचंदरांच्या चित्रपटांत सिगारेट झेलणारा, बायकोला तुच्छ लेखणारा, सतत आरशात असल्यासारखा वागणारा माणूस आजारी होता, आणि चित्रपटाला ते ठाऊक होते. नंतरच्या चित्रपटांनी त्याच हालचाली निरोगी ठरवल्या. कॅमेरा खाली गेला, पावलांपासून वर चढू लागला.

सर्वांत जास्त खुपते ते स्त्रियांच्या बाबतीत. 'अवर्गळ' ज्या पुरुषी अरेरावीची चिरफाड करतो, तीच 'मन्नन' (१९९२) मध्ये नायकाचा गुण होते. कारखाना चालवणारी बायको शेवटी घर सांभाळू लागते तेव्हा कथा सुफळ संपूर्ण. 'पडैयप्पा' (१९९९) मध्ये रम्या कृष्णनची नीलांबरी त्याला बसायला आसन देत नाही, तेव्हा तो उपरण्याने वरचा झोपाळा खाली ओढतो आणि त्यावर ऐटीत बसतो. दृश्य म्हणून ते झकास आहे, मीही शिट्टी मारली असेन. पण तो उपरण्याचा झटका 'मूण्ड्रु मुडिच्चु'तल्या सिगारेटचा सख्खा भाऊ आहे. तिथे त्या चाळ्यामागे एक पोकळ, घाबरलेला माणूस दिसत होता. इथे मागे कुणीच नाही. बाईने कसे वागावे याचे प्रवचन आहे.

या काळातही नट अधूनमधून डोके वर काढतो. मणिरत्नमच्या 'दळपती' (१९९१) मधला सूर्या हा आजच्या काळातला कर्ण. आईने टाकलेला, आई समोर असूनही तिला न ओळखणारा. मंदिरात असताना आगगाडीची शिट्टी ऐकू येते आणि आई व मुलगा दोघेही आपापल्या ठिकाणी त्या आवाजाने हलतात, त्या प्रसंगात रजनीकांतच्या चेहऱ्यावर एक जुनी, नाव नसलेली दुखरी जागा दिसते. हा चित्रपट पाहताना मला नेहमी 'जॉनी' आठवतो. ऐकणारा रजनीकांत इथे परत आलेला आहे.

'बाशा'चे (१९९५) नाव घेतले की अभ्यासक मंडळी नाके मुरडतात. मी घेणार आहे. मुंबईतला आपला रक्तरंजित भूतकाळ पुरून मद्रासमध्ये रिक्षा चालवणारा माणिक्कम. पूर्वार्धात तो गुंडांकडून खांबाला बांधून मार खातो आणि तोंडावरचे हसू सोडत नाही. बहिणीला वैद्यकीय प्रवेश नाकारला जातो, तेव्हा तो तिला बाहेर पाठवून कार्यालयात काहीतरी बोलतो. आपण काचेबाहेर, बहिणीबरोबर. ऐकू काहीच येत नाही. दिसते ते फक्त त्याच्या उभे राहण्यात झालेला बदल आणि समोरच्याची उडालेली गाळण. सुरेश कृष्णांना तिथे एक टाळीचा संवाद घालता आला असता. उत्तरार्धात हा सगळा संयम उधळून लावला जातो, ती गोष्ट वेगळी. पण 'बाशा' लोकांनी इतका उचलून धरला तो केवळ उत्तरार्धासाठी, असे मानायला मी तयार नाही. मुठी आवळून धरलेल्या त्या तासाभराशिवाय पुढच्या स्फोटाला किंमतच नाही, आणि तो तास नटाने पेललेला आहे.

'मग त्याने चांगले चित्रपट का निवडले नाहीत?' हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. त्याचा निम्मा दोष त्याचाच आहे. जवळ पैसा, सत्ता, लोकांचे प्रेम सगळे असताना महेंद्रनसारख्या दिग्दर्शकाकडे तो वारंवार परतला नाही. १९८५ मध्ये शंभरावा चित्रपट म्हणून त्याने 'श्री राघवेंद्र' केला, संताची भूमिका, एकही लकब नाही. लोकांनी पाठ फिरवली आणि त्याने तो धडा फारच मनावर घेतला असावा. पण उरलेला निम्मा दोष समीक्षेचा आहे. 'स्टाइल म्हणजे अभिनय नव्हे' असे एकदा ठरवून टाकल्यावर चांगली भूमिका आणि वाईट भूमिका यांत फरक करणारे कुणी उरलेच नाही. चाहत्यांना दोन्ही सारख्याच प्रिय, टीकाकारांना दोन्ही सारख्याच हास्यास्पद. फरक केला जात नसेल तर नटाने चांगले काम कुणासाठी करायचे?

२०१९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्याला जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीत दिला गेला. त्याने तो गुरू बालचंदर, थोरले भाऊ आणि बसमधला आपला ड्रायव्हर मित्र यांना अर्पण केला. आपल्याकडे बातम्या आल्या त्या पुन्हा एकदा 'मराठमोळ्या' गायकवाडांच्या. पद्मभूषण, पद्मविभूषण आणि फाळके. मान मोठेच आहेत. पण हे मान संपूर्ण कारकिर्दीला, म्हणजे व्यवहारात लोकप्रियतेला दिले जातात. काळी, रामनाथन, त्यागू ही नावे त्या वेळच्या मराठी मजकुरात मी शोधली. मला ती कुठे आढळली नाहीत.

पा. रंजित यांनी उतारवयातल्या रजनीकांतला दोनदा त्याच्या वयाचे होऊ दिले. 'कबाली' (२०१६) मध्ये, पुण्याच्या राधिका आपटेने केलेली, मेली असे समजलेली पत्नी इतक्या वर्षांनी समोर येते तेव्हाचा त्याचा कोसळलेला चेहरा पाहण्यासारखा आहे. आणि 'काला' (२०१८) तर आपल्या दाराशीच घडतो. धारावी. जमिनीवर डोळा असलेला मराठी पुढारी हरिदादा म्हणजे नाना पाटेकर, आणि त्याच्यासमोर तिरुनेलवेलीहून आलेल्या तमिळ कष्टकऱ्यांचा म्होरक्या म्हणून उभा असलेला, घरात मराठी बोलत वाढलेला माणूस. जन्माने कोण कुठला हा हिशेब इथे पार निकालात निघतो.

त्यात पोलीस ठाण्यातला एक प्रसंग आहे. काला प्यालेला आहे. समोर मंत्री बसला आहे, आणि हा माणूस कोण, असे तो शेजारच्याला विचारतो. उत्तर मिळते. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारतो. मग पुन्हा. आवाज चढत नाही, हात हलत नाही, गॉगल नाही, सिगारेट नाही. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात न मावणारे हसू, आणि प्रत्येक वेळी प्रश्न पहिल्यांदाच सुचल्यासारखा. 'अवळ अप्पडिदान'मधल्या त्यागूला चाळीस वर्षांपूर्वी जी सैल, खट्याळ लय सापडली होती ती जशीच्या तशी इथे आहे, फक्त आता तिचा रोख सत्तेकडे आहे. आमच्या इथल्या चित्रपटगृहात या प्रसंगाला शिट्ट्या नव्हत्या. लोक हसत होते, पोट धरून.